इतर शेरा

चर्चमागे, जिथं पूर्वी बँडची वाद्यं ठेवायचे
त्या खोलीत माझं टेबल.
भिंतीत ट्रॉम्बोनची खुंटी अजून आहे,
तिला मी छत्री अडकवते.

दर सहा महिन्यांनी समुद्रापलीकडून फॉर्म येतो.
प्रत्यक्ष लाभार्थी किती. अप्रत्यक्ष किती.
एक हसरा फोटो. एक गोष्ट, अडीचशे शब्दांत,
शेवट आशादायक असावा.

अकरा वर्षं मी शेवट आशादायक करते आहे.

यंदाच्या गोष्टीसाठी सोजरबाई.
देवनारच्या कचऱ्यावर किती वर्षं गेली विचारलं
तर म्हणाली, "धाकटा पोटात हुता तवापासनं,"
आणि धाकट्याला आता चाळिशीचा चष्मा लागलाय.
रकान्यात मी चाळीस लिहिलं.

तिकडच्या पैशातून बायकांच्या गटाला वजनकाटा मिळाला.
भंगारवाल्याच्या काट्यावर
सत्तर किलो प्लास्टिक कायम पंचावन्नच भरायचं.
नवा काटा आला त्या दिवशी कुणी माल आणलाच नाही.
आधी हमीदाबी चढली, मग शेवंता,
मग नातीला कडेवर घेऊन सोजरबाई,
मग नात उतरवून एकटी,
मग नुसती नात.
बोटांवर वजाबाकी केली तिनं, दोनदा.
"खोटं बोलत न्हाई ह्यो."

फोटोला मात्र हसली नाही.
"कोन बघनार हाय त्यो?"

मी सांगितलं, असेल एक म्हातारी, तिकडं, थंडीत.
राखेच्या बुधवारी चर्चमधून पुठ्ठ्याची डबी घरी नेते,
घड्या घालून उभी करायची, वर चीर असते.
चाळीस दिवस चहात साखर घालत नाही.
तेवढे पैसे त्या चिरेतून आत.
तुमच्यासाठी.

सोजरबाई बराच वेळ पुठ्ठ्याबद्दलच विचारत राहिली.
जाड का पातळ. मागून डबीचं काय करत्यात.
किलोला काय भाव तिकडं.
मग गप्प.
मग,
"माझ्यापायी साखर सोडली?
मला इचारायचं तरी.
एकलीच ऱ्हाती का ती? लेक येती का बघाया?"

ह्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.

माझी आई, उत्तनला,
प्रायश्चित्तकाळात सुका बोंबीलसुद्धा ताटात घ्यायची नाही.
वाचलेली नाणी फादरकडं द्यायची.
कुठं जातात गं, विचारलं तर म्हणायची, आफ्रिका,
जणू खाडी ओलांडली की
पहिलाच थांबा आफ्रिकेचा.
तिच्या ब्लाउजला तेव्हा तीन ठिगळं होती.
तिचा फोटो कुणी मागितला नाही.

शेवटच्या पानावर, इतर शेरा असल्यास, दोन ओळी.
तिथं सोजरबाईनं सांगितलं ते लिहिलं:
काटा चालतोय. साखर घाल गं बाई.
त्यांच्या भाषेत 'गं' नाही.
दुपारभर शोधला.
शेवटी 'प्रिय' लिहिलं, आणि तो शब्द
कुणीतरी दुसऱ्यानंच लिहिल्यासारखा दिसत राहिला.

मार्चात पत्र आलं.
प्रकल्पाची मुदत संपली, सहकार्याबद्दल आभार,
पुढचा निधी पूर आलेल्या भागासाठी,
सोबत नकाशा. आईची आफ्रिका, लाल टिंबांची.

गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं.
कुणी रडलं नाही. शेवंतानं काट्याच्या बॅटरीचा खर्च काढला.
सोजरबाईनं एवढंच विचारलं,
"तिथल्या बायांकडं काटा हाय का?"

मला माहीत नव्हतं.

त्या महिन्यात गटाच्या वहीत एक ओळ जास्त आहे,
हमीदाबीच्या तिरक्या अक्षरात:
आफ्रिका, एकशे चाळीस रुपये.

बाहेरून आत येणाऱ्या पैशाचे
सगळे नियम मला पाठ आहेत, कलमांसकट.
आतून बाहेर जाणाऱ्याचा एकही नाही.
नोटा खणात आहेत, रबर लावून,
वरच्या दहाच्या नोटेला
कसलासा आंबूस वास.